लेट मार्कचं गणित

परवा रात्री जेवताना धाकट्याने मोबाइल माझ्या ताटाशेजारी सरकवला. एचआरचा मेल होता. महिन्यात पाच लेट मार्क, तिनाला अर्धी रजा या हिशेबाने एक हाफ डे कट, आणि शेवटी एक गोड वाक्य. वेळेची शिस्त हा आमच्या कंपनीचा पाया आहे वगैरे वगैरे.

'ताई, तू पत्रकार आहेस ना? याला एक सणसणीत उत्तर लिहून दे.'

आईने आमटी वाढता वाढता निकाल देऊन टाकला. 'उत्तरं कसली लिहिताय? दहा मिनिटं आधी उठ म्हणावं.'

मी मध्ये पडले नाही. मी फ्रीलान्सर. मला लेट मार्क नसतो, लेट पेमेंट असतं. पण बिचाऱ्याची दया आली. डोंबिवली ईस्टला घरापासून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, मग घाटकोपरपर्यंत फास्ट लोकल, तिथून मेट्रो, मेट्रोतून उतरलं की अंधेरीत पुन्हा शेअर रिक्षा आणि शेवटी ऑफिसच्या टॉवरमधली लिफ्टची रांग. तुमच्यापैकी अर्ध्या लोकांचा रूट थोड्याफार फरकाने हाच असेल. 'सगळं तसं नीट चालतं गं,' तो म्हणाला. 'एखाद्याच दिवशी कुठेतरी माशी शिंकते.'

या 'एखाद्याच दिवशी'वर रविवारी मामाने हात घातला.

मामा म्हणजे आमच्या घरचं कस्टमर केअर. तीस वर्षं एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स डिपार्टमेंटला काढली. मिक्सर, गिझर, इन्व्हर्टर, काहीही बंद पडलं की आधी मामाला फोन. चहा प्यायला आला होता, धाकट्याची रडकथा ऐकली आणि टेबलावरच्या एका लग्नपत्रिकेचं पाकीट उलटं करून पेन काढलं.

'रिक्षा वेळेत मिळायची शक्यता किती धरू?'

'पंच्याण्णव टक्के.'

'लोकल? म्हणजे आत शिरायला मिळणं धरून?'

'तीही पंच्याण्णव.'

मेट्रो पंच्याण्णव, पलीकडची रिक्षा पंच्याण्णव, लिफ्ट पंच्याण्णव. धाकटा खुशीत होता. सगळे विषय डिस्टिंक्शनमध्ये! मामाने ०.९५ ला ०.९५ ने पाचदा गुणलं आणि पाकीट आमच्यासमोर धरलं. उत्तर ०.७७.

'ही झाली तू वेळेत पोचायची शक्यता. उरले तेवीस टक्के. महिन्याचे बावीस दिवस ऑफिस, त्याचे तेवीस टक्के किती?'

मी मोबाइलवर केलं. पाच आणि थोडं. एचआरने अगदी बरोब्बर मोजले होते की!

आम्ही दोघंही जरा गप्पच झालो. कारण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात सरासरी बसलेली असते. पाच गोष्टी पंच्याण्णव टक्के चांगल्या, म्हणजे सगळं मिळून पंच्याण्णव टक्के चांगलं. तसं नसतं. एकामागोमाग एक लागणाऱ्या गोष्टींची सरासरी होत नाही, गुणाकार होतो. आणि एकाहून लहान आकड्यांचा गुणाकार प्रत्येक पायरीला खालीच जातो. रॉबर्ट लुसर नावाचा एक जर्मन इंजिनीअर होता, दुसऱ्या महायुद्धातल्या व्ही-१ या उडत्या बॉम्बवर काम केलेला आणि युद्धानंतर अमेरिकेत रॉकेटच्या कामाला गेलेला. या गुणाकाराला त्याच्या नावाने 'लुसरचा नियम' म्हणतात. साखळी तिच्या सगळ्यात कच्च्या कडीइतकी पक्की असते असं आपण म्हणतो ना, तर ती त्याहूनही कच्ची असते. रॉकेटमध्ये पार्ट हजारो. प्रत्येक पार्ट 'बऱ्यापैकी चांगला' असून भागत नाही. धाकट्याच्या पाच टप्प्यांचं बघा. एकूण पंच्याण्णव टक्के हवे असतील, तर प्रत्येक टप्पा नव्व्याण्णव टक्के लागतो.

'मग मी काय करू, हेलिकॉप्टर घेऊ?' धाकटा.

'कुठली कडी कच्ची ते आधी बघ,' मामा म्हणाला. समजा चार टप्पे नव्व्याण्णव टक्क्यांचे आहेत आणि एकच ऐंशीचा आहे. एकूण येतात सत्याहत्तर, म्हणजे पहिल्याइतकेच. आता तू ते चार घासूनपुसून शंभर टक्के केलेस तरी ऐंशीच्या वर जाणार नाहीस. मेट्रोचा पास काढ, लिफ्टऐवजी जिने चढ, सगळं फुकट. त्या ऐंशीवाल्याकडेच बघायला हवं. धाकट्याने पंधरा दिवस मोबाइलवर नोंद ठेवायचं कबूल केलं. आणि मामाने नाइलाजाने, चहाचा दुसरा कप मिळाल्यावर, हेही मान्य केलं की आई म्हणते ती दहा मिनिटं सगळ्यात स्वस्त पडतात. हातात जास्तीचा वेळ असला की पाचही टप्प्यांचे टक्के एकदम वाढतात. आईने स्वयंपाकघरातून 'ऐकलंस का?' एवढंच म्हटलं.

तरी मामाने एक पाचर मारूनच ठेवली. हा गुणाकार खरा कधी? पाचही गोष्टी एकमेकींना न विचारता बिघडत असतील तर. २६ जुलै २००५ ला काय झालं होतं? रिक्षा, लोकल, रस्ते, फोन, सगळं एकाच वेळी बसलं. एकाच कारणाने. अशा दिवशी धाकट्याचे पाच टप्पे मिळून एकच लेट मार्क लागतो, म्हणजे त्याच्या हिशेबात ते उलट बरंच. पण जिथे आपण एक बंद पडलं तर दुसरं आहे या भरवशावर बसलेलो असतो, तिथे हेच 'एकाच कारणाने' जिवावर बेततं.

मामा हे सहज बोलून गेला. माझ्या मात्र पोटात गोळा आला, कारण तो कशाबद्दल बोलतोय ते घरात सगळ्यांना कळलं होतं.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. आमची सोसायटी चार मजल्यांची, आम्ही चौथ्यावर, लिफ्ट नाही. तळटाकीतलं पाणी पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं, मग घराघरांत. पूर्वी एकच पंप होता. तो एकदा दोन दिवस बंद पडला, जनरल बॉडीत खडाजंगी झाली आणि वर्गणी काढून दुसरा पंप आणला. सेक्रेटरी काकांनी नारळ फोडला. 'आता दोन आहेत. काळजी मिटली.' गणित त्यांच्या बाजूने होतं. एक पंप हवा तेव्हा चालायची शक्यता नव्वद टक्के धरा. म्हणजे न चालण्याची दहा. दोन्ही एकाच वेळी न चालण्याची? दहाचे दहा टक्के, म्हणजे शंभरात एक. नव्वदाचे थेट नव्व्याण्णव! साखळीत गुणाकार आपल्याला बुडवतो, जोडीत तोच तारतो. बॅकअपचा सगळा फंडा एवढाच.

आणि मग त्या मे महिन्यात एका पहाटे स्टार्टरचं पॅनल जळलं. पंप दोन, पॅनल एक. दोन्ही पंप ठणठणीत आणि दोन्ही बंद. नवीन पॅनल यायला दोन दिवस लागले. बाबांची अँजिओप्लास्टी होऊन तेव्हा तीन महिने झाले होते. धाकटा ऑफिसला, मी एका असाइनमेंटसाठी नाशिकला. आई नको म्हणत असताना त्यांनी खालच्या नळावरून बादल्या वर न्यायला सुरुवात केली. तिसऱ्या खेपेला दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसले ते उठेनात. शेजारच्यांनी रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. दोन रात्री ऑब्झर्वेशन. निभावलं. पण आईचा तो फोन मी अजून विसरले नाहीये.

मामाने पाकिटावर तोही हिशेब मांडला. पॅनल पंच्याण्णव टक्के धर. एक पंप होता तेव्हा नव्वद गुणिले पंच्याण्णव, साडेपंच्याऐंशी. दोन पंप आणल्यावर नव्व्याण्णव गुणिले पंच्याण्णव, चौऱ्याण्णव. फायदा झालाच, नाही असं नाही. पण आता तिसरा आणा, चौथा आणा, दहावा आणा, पंच्याण्णवच्या वर एक पाऊल जाणार नाही. छत पॅनलचं आहे.

आमच्या सोसायटीला हसू नका हं. हेच मोठ्या प्रमाणावर आपण सगळ्यांनी पाहिलंय. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. कोविडमुळे मी तेव्हा पुण्याला मावशीकडे होते. सकाळी दहाच्या सुमारास ऑनलाइन मीटिंगमधले मुंबई-ठाण्याचे चौकोन एकामागोमाग एक गायब व्हायला लागले. आधी वाटलं माझंच नेट गेलं. मग बातम्या आल्या. मुंबई आणि ठाण्याच्या बऱ्याचशा भागात वीज नाही, लोकल रुळांवर उभ्या, सिग्नल बंद. तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्या दिवशी दिलेलं स्पष्टीकरण वाचा, आमच्या पंपाची गोष्ट वाटेल. महापारेषणच्या ४०० केव्हीच्या कळवा-पडघा केंद्रात सर्किट एकवर देखभालीचं काम चालू होतं, म्हणून सगळा भार सर्किट दोनवर होता, आणि नेमका तिथे बिघाड झाला. पुढे सायबर हल्ल्याचीही चर्चा झाली, पण आपल्याला इथे हवा तो मुद्दा त्या पहिल्या स्पष्टीकरणातच आहे. कळवा आपल्यापासून किती लांब? लोकलने जाता-येता दिसतं. पडघा भिवंडी तालुक्यात. म्हणजे अख्ख्या मुंबईला धडा आपल्या अंगणात मिळाला.

धडा असा की दोन सर्किट आहेत हे वाक्य रोज खरं नसतं. ज्या दिवशी एकाची देखभाल चालू असते, त्या दिवशी तुमच्याकडे एकच असतं. शिवाय उरलेल्यावर दोघांचा भार पडतो, म्हणजे त्याची बिघडायची शक्यता नेहमीची राहत नाही, वाढते. कागदावरचा दहाच्या दहा टक्क्यांचा गुणाकार त्या दिवशी रजेवर असतो. मुंबईसाठी तर तिसरी तटबंदीही होती, आयलँडिंगची. बाहेरचं ग्रिड कोसळलं तर शहराने स्वतःला तोडून घेऊन जवळच्या वीज केंद्रांवर चालत राहायचं. त्या दिवशी तीही शहराला वाचवू शकली नाही.

भार सरकण्याचा अनुभव डोंबिवलीकरांना वेगळा सांगायला नको. कोपर पूल सप्टेंबर २०१९ मध्ये वाहतुकीला बंद झाला आणि नवा होऊन खुला झाला तो सप्टेंबर २०२१ मध्ये. ती दोन वर्षं ईस्ट-वेस्टचा सगळा लोंढा ठाकुर्लीच्या पुलावर. तिकडे कल्याणचा १९१४ सालचा पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला, नवा जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला. म्हणजे मधली बरीच महिने दोन्ही एकदम नव्हते! ठाकुर्लीला बाइकवर बसून ज्यांनी घामाच्या धारा पुसल्यात त्यांना 'लोड शेअरिंग' ही संकल्पना पाठ आहे, फक्त तिचं नाव माहीत नसेल.

आता तुम्ही म्हणाल, मग वेळच्या वेळी मेंटेनन्स करा, बिघडणारच नाही. (आपल्याकडे मेंटेनन्स म्हणजे दर महिन्याला सोसायटीला द्यायचे पैसे, ही गोष्ट वेगळी.) मलाही हेच वाटत होतं. पण मामाने इथे मला सॉलिड धक्का दिला.

'अगं, चालू मशीन उगाच उघडलं की बिघडतं. आमच्याकडे शटडाउननंतरचा पहिला आठवडा सगळ्यात वाईट.'

मला वाटलं, हा रिटायरमेंटच्या वाटेवरचा आळस बोलतोय. घरी येऊन वाचलं तर मामा एकटा नव्हता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॉडिंग्टन नावाचे शास्त्रज्ञ होते. मूळचे जीवशास्त्रज्ञ, विमानांशी काही संबंध नाही. त्यांच्या गटाने विमानं कधी बिघडतात याच्या नोंदी तपासल्या, तर बिघाड सगळ्यात जास्त ठरलेल्या तपासणीच्या लगेच नंतर, आणि मग हळूहळू कमी. तपासणीत चांगले बसलेले पार्ट हलवले जात होते, काहीतरी उलटंसुलटं लागत होतं. तपासण्यांमधलं अंतर वाढवलं तशी विमानं जास्त उडायला लागली. पुढे १९७८ मध्ये नोलन आणि हीप या युनायटेड एअरलाइन्सच्या दोघांनी विमानांच्या पार्टचा अहवाल लिहिला. त्यांच्या आकड्यांत ८९ टक्के पार्ट असे निघाले की ठरावीक वय झालं म्हणून बदलण्यात काही अर्थ नव्हता. फक्त ११ टक्क्यांत म्हातारपण दिसत होतं.

आपल्याला मात्र शाळेपासून वस्तूंचं आयुष्य माणसासारखं वाटतं. इंजिनीअर लोक त्याचा एक ग्राफ काढतात, बाथटबसारखा. सुरुवातीला उंच, कारण कारखान्यातले दोष पहिल्या काही दिवसांत बाहेर पडतात (नवा मिक्सर पहिल्याच आठवड्यात का जातो, कळलं?). मग लांबलचक सपाट तळ. मग शेवटी झीज झाल्यावर पुन्हा चढ. डोंबिवलीच्या वन बीएचकेत बाथटब कुठला, पण आकार कळला असेल. त्या सपाट तळावर एक गंमत असते. तिथे वस्तूला स्वतःचं वय माहीत नसतं. काल चालली म्हणून आज दमलेली नसते, उद्या बंद पडण्याची शक्यता पहिल्या दिवसाइतकीच. अशा वस्तूला दोन वर्षं झाली म्हणून बदललंत, तर चांगली काढून तुम्ही तशीच दुसरी बसवली. वर ती नवी म्हणून बाथटबच्या उंच टोकावर. झीज होणाऱ्या गोष्टी वेगळ्या. ब्रेकचे लायनर, टायर, बेअरिंग, रूळ. तिथे वय बघावंच लागतं. म्हणून रविवारच्या माटुंगा-मुलुंड मेगा ब्लॉकला आपण कितीही शिव्या घातल्या, तरी रुळांच्या आणि ओव्हरहेड वायरच्या बाबतीत ठरवून बंद ठेवलेले पाच तास हे सोमवारी सकाळी साडेआठला न ठरवता बंद पडण्यापेक्षा परवडतात. दोन्ही बंदच, पण एक आपण निवडलेल्या वेळी.

याच सपाट तळावर आपल्याला विक्रेते फसवतात. म्हणजे फसवत नाहीत, आपणच फसतो. नवं पॅनल बसवणारा काकांना म्हणाला होता, याची सरासरी लाइफ तीन वर्षं. काकांनी ऐकलं, तीन वर्षं चिंता नाही. पण वय न जाणणारी वस्तू असेल तर ती आपल्या सरासरीपर्यंत पोचायची शक्यता किती असते माहितीये? सदतीस टक्के! जवळजवळ दोनतृतीयांश त्याआधीच जातात, उरलेल्या थोड्या खूप लांब चालतात आणि सरासरी वर ओढतात. हार्ड डिस्कच्या खोक्यावर 'दहा लाख तास' लिहिलेलं असतं, म्हणजे एकशे चौदा वर्षं. तुमच्या नातवाला ती डिस्क मिळणार नाहीये. तो आकडा एका डिस्कचा नसतोच, कळपाचा असतो. ऑफिसात अशा हजार डिस्क असतील तर वर्षाला साधारण नऊ जातील, इतकाच त्याचा अर्थ. त्या नवांत तुमची आहे की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. तेव्हा बॅकअप घ्या. आणि तो त्याच लॅपटॉपच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये नको, प्लीज. दोन पंप, एक पॅनल आठवा.

पण मामाचं मला सगळ्यात पटलेलं वाक्य वेगळंच होतं. 'मशीन किती वेळा पडतं यापेक्षा पडल्यावर किती वेळ पडून राहतं ते बघ.' हिशेब अगदी सोपा निघाला. पंप सरासरी नव्वद दिवसांनी एकदा बिघडतो आणि दुरुस्तीला दोन दिवस लागतात, तर ब्याण्णव दिवसांतले नव्वद चालू. ९७.८ टक्के. तोच पंप चार तासांत दुरुस्त झाला, तर ९९.८. पंप तोच, बिघाड तितकेच. फरक कशाने पडला? पार्ट कपाटात होता आणि इलेक्ट्रिशियनचा नंबर वॉचमनकडे होता. दोन दिवसांची दुरुस्ती तशीच ठेवून ९९.८ गाठायचे असतील, तर बारापट कमी बिघडणारा पंप शोधावा लागेल. तो बाजारात असलाच तर त्याची किंमत ऐकून जनरल बॉडी बेशुद्ध पडेल.

आणि दुसरी गोष्ट, स्टँडबायची. जो पंप रोज चालत नाही, तो मेलाय हे कळणार कसं? तो नुसता उभा असतो, चेहऱ्यावर काही दिसत नाही. समजा तो सरासरी दोन वर्षांनी एकदा आपोआप बिघडतो आणि तुम्ही त्याला वर्षातून एकदाच, फक्त जनरल बॉडीच्या आधी, चालवून बघता. तर तुम्हाला अचानक गरज पडेल तेव्हा तो मेलेला असायची शक्यता पाचात एक आहे. तोच दर आठवड्याला पाच मिनिटं चालवला, तर दोनशेत एक. खर्च शून्य. वॉचमनने एक बटण दाबायचं. ऑफिसच्या जिन्यातलं आग विझवायचं नळकांडं, घरचा इन्व्हर्टर, डिक्कीतलं स्टेपनी टायर, सगळे याच जातीचे. तुमच्या स्टेपनीत शेवटची हवा कधी भरली होती?

एवढं सगळं डोक्यात भरल्यावर मी पुढच्या जनरल बॉडीला गेले. आयुष्यात पहिल्यांदा! पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मध्ये टेबल फॅन, अजेंड्यावर विषय क्रमांक चार. सेक्रेटरी काकांचा प्रस्ताव काय असेल? तिसरा पंप. कोटेशनही आणलं होतं. मी उभी राहिले, हात थोडे थरथरत होते, आणि म्हटलं, 'काका, पंप नको. पंपांना वेगवेगळे स्टार्टर द्या.' पाकिटावरचा हिशेब वाचून दाखवला. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, आम्हाला काय, आम्ही खालून भरून आणतो. तिसऱ्या मजल्यावरचे एक काका म्हणाले, टक्केवारी वगैरे ठीक आहे, पण पंप डोळ्यांना दिसतो, तुमचा स्टार्टर कुणाला दिसणार? मुद्दा अगदी बरोबर होता. नारळ फोडायला पंपच बरा. मग बाबा उठले. त्यांनी भाषण केलं नाही. 'मी त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर बसलो होतो,' एवढंच म्हणाले आणि खाली बसले. काकूंनीही हात वर केला.

ठराव झाला. प्रत्येक पंपाला वेगळा स्टार्टर, वेगळी वायर, वेगळा एमसीबी. रोज एक नंबरचा पंप, रविवारी दोन नंबरचा, म्हणजे तो जिवंत आहे ते आठवड्याला कळेल. जळतो तो कॉन्टॅक्टर एक जास्तीचा आणून ऑफिसच्या कपाटात. सगळं मिळून तिसऱ्या पंपाच्या निम्म्यात झालं. मुंबईला येणारी वीज अजून आमच्या हातात नाही आणि ती गेली तर दोन्ही पंप पुन्हा एकाच कारणाने बंद, हे मी मीटिंगमध्ये मुद्दामच बोलले नाही. जनरेटरचा विषय काढला असता तर घरी परत येऊ दिलं नसतं.

धाकट्याची पंधरा दिवसांची नोंद पूर्ण झाली. कच्ची कडी लोकल नव्हती, मेट्रो तर नव्हतीच. आमच्या नाक्यावरची शेअर रिक्षाची रांग होती. आता तो स्टेशनपर्यंत चालत जातो, अठरा मिनिटं. लेट मार्क पाचावरून दोनवर आलेत. एचआरला उत्तर म्हणून त्याने पाकिटाचा फोटो मॅनेजरला पाठवला होता. मॅनेजर बदलापूरचा निघाला. त्याचा रिप्लाय आला, 'माझे सहा टप्पे आहेत.'

आणि आमचा पंप? गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला वॉचमनचा फोन. एक नंबरचा स्टार्टर गेला. त्याने स्वतःच दोन नंबर चालू केला होता, तासाभरात वरची टाकी भरली, बिल्डिंगमध्ये कुणाला पत्ताही लागला नाही. बाबा शांत झोपले होते. सकाळी इलेक्ट्रिशियन आला, जास्तीचा कॉन्टॅक्टर काढायला आम्ही ऑफिसच्या कपाटाकडे गेलो. कपाटाला कुलूप. चावी सेक्रेटरी काकांकडे. काका नातवाच्या मुंजीला नगरला, चार दिवसांनी येणार.

मामाला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, 'चाव्या किती आहेत?'